रंगनाथचा काळा दोरा

रंगनाथ गेल्याची बातमी मला घाटनांदुरात कळली ती बीडहून आलेल्या एका गाडीवानाकडून. मी ओसरीत दाढी करत बसलो होतो. बैल सोडता सोडता तो म्हणाला, "ते फोटोवाले रंगनाथराव गेले म्हनं," आणि माझा वस्तरा गालावरच थांबला... तोवर तिकडे सारं आटोपलंही होतं. आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण रंगनाथबद्दल नुसतं चांगलं बोललो तर तो वरून खाली येऊन माझा गळा धरील. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझा हा मित्र पक्का बढाईखोर होता. फक्त त्याच्या बढाया खऱ्या व्हायच्या आणि आम्हाला तोंड मिटून बसावं लागायचं.

बीडमध्ये त्याचं फोटोचं दुकान होतं. बडे अंमलदार छबी काढून घ्यायला येत, पण खुर्चीत ताठ बसलेली माणसं टिपण्याचा त्याला मनापासून कंटाळा. सुट्टी मिळाली की लाकडी कॅमेरा बैलगाडीत घालून तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही डोंगरात भटकायचो. आमच्या गावावरच्या डोंगरात रानाईचं देऊळ आहे. देवळामागे दाट रान आणि त्या रानात माणसानं पाऊल टाकायचं नाही, हा वाडवडिलांपासूनचा नेम. नवस फेडायला लोक रानाईला बकरं सोडत. ते त्या रानात मोकळं चरायचं.

एका वर्षी ही सोडलेली बकरी नाहीशी होऊ लागली. आत जाऊन शोधायची सोय नव्हती. मग संशय कुणावर? डोंगरावर मेंढरं राखणाऱ्या हारीबा धनगरावर. पाटलांनी पारावर सगळ्यांदेखत सुनावलं, जत्रेपर्यंत चोर सापडला नाही तर हारीबाच्या कळपाला डोंगर बंद. उन्हाळ्यात दुसरीकडे कुठे गवताची काडी नव्हती. डोंगर बंद म्हणजे बायकापोरं आणि मेंढरं घेऊन त्यानं मुलूखच सोडायचा. हारीबा हात जोडून म्हणत होता, "पाटील, देवीचं बकरं आमी कावून खाऊ? आमची सोताची मेंढरं हायती की!" कुणी ऐकेना. तेव्हा पाहुणा म्हणून मागे बसलेला रंगनाथ उठला. "जत्रेच्या आत तुमचा चोर मी कागदावर दाखवतो." मी त्याचं धोतर ओढत होतो, पण गडी खाली बसेल तर शपथ.

रानात पाऊल टाकायला मनाई आहे, नजर टाकायला नाही, एवढी फट त्यानं बरोबर हेरली होती. देवळामागे जिथे माणसाची वाट संपते आणि जनावराची सुरू होते, तिथे करवंदीच्या जाळीत त्यानं कॅमेरा लपवला, वर डहाळ्या टाकल्या, माणसाचा वास जावा म्हणून खोक्याला लेंड्या चोळल्या. सिरसाळ्याच्या बाजारातून आणलेला काळा दोरा वाटेवर गुडघ्याखाली आडवा बांधला. दोऱ्याला धक्का लागला की खटका पडायचा, मॅग्नेशियमची भुकटी भडकायची आणि त्या उजेडात काचेवर छबी उमटायची. काळोख पडता पडता भिंगाचं झाकण काढून ठेवायचं आणि उजाडायच्या आत लावायचं. "जाईल येईल त्याला लागला पाहिजे," दोरा बोटानं चाचपत तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळला. चोर बिबट्याच असणार, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. "चल बे, तू बिबट्या हो." मी चांगला दोन लेकरांचा बाप, हातापायांवर रांगत त्या दोऱ्यापर्यंत गेलो. वीज पडावी तसा उजेड झाला. "डोळे मिट की गाढवा!" हे तो मला उजेडानंतर सांगत होता. धोतर नेसलेल्या त्या बिबट्याची तसबीर पुढे त्याच्या दुकानात दर्शनी भिंतीवर लागली. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ती दाखवायचा. मी त्याच्याशी कितीदा तरी भांडलो.

पहिल्याच पहाटे खटका पडला. रंगनाथनं हारीबाच्या खोपटात औषधाच्या पाण्यात काच धुतली तर काचेवर पाटलांची आई! तोंडाचा आ वासलेला, हातात दोरा. आदल्या सांजेला वाटेवर दोरा दिसला म्हणजे कुणीतरी नवस बोललं असणार, असं समजून आपलाही बांधायला म्हातारी अंधारातच आली होती. उन्हं वर येईतो गावभर झालं, देवी चमकली! दुपारपर्यंत झाडाझाडाला दोरे, हळदीकुंकू, नारळ. माणसांची ही रीघ बघून चिटपाखरूही तिकडे फिरकलं नसतं, आणि जत्रा तर तोंडावर आलेली. हारीबाची बायको बोचकी बांधायला लागली होती. दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. रंगनाथ सरळ पाटलांच्या घरी जाऊन म्हातारीला म्हणाला, "आई, ती देवी नव्हती, मी होतो." म्हातारी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "तू व्हतास रं, पन तुला कुनी धाडलं?" मग हळू आवाजात म्हणाली, "हारीबा माझ्या डोळ्यांम्होरं वाढला. खरा चोर घाव म्हून तर दोरा बांधायला गेलते." त्याच सांजेला तिनं गावाला बजावलं, जत्रेपर्यंत देवीला एकलं राहू द्या.

वाट मोकळी झाली, दोरा पुन्हा ताणला गेला आणि एका रात्री खटका पडला. जत्रेच्या आदल्या दिवशी रंगनाथनं धुतलेली काच आणि मसाला लावलेला कोरा कागद चौकटीत घालून पारावर उन्हात ठेवली. सगळं गाव भोवती. कागद उन्हानं तांबूस होत गेला, मग त्यावर ठिपके उमटले, मग मिशा, मग जबड्यात मानेला धरलेलं बकरं... हारीबा पुढे आला, त्यानं पाहिलं आणि तो मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडला. पाटलांनी स्वतः त्याला हात धरून उठवलं. म्हातारीनं कागदाला कुंकू लावलं, बिबट्या देवीचं वाहन ठरला आणि चोरी माफ झाली. "काम माझं आणि नाव रानाईचं," असं रंगनाथ पुढे जन्मभर कुरकुरला, पण ते सांगताना त्याचा चेहरा किती फुललेला असायचा!

परवा मी रानाईला जाऊन आलो. कुणाचं श्राद्ध नव्हतं की नवस नव्हता, घरात करमेना म्हणून गेलो. देवळाच्या पायरीवर हारीबा बसला होता, पार म्हातारा झालेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "फोटोवाले मालक आजारी हायती असं कळलं तवा बांधला व्हता. देवीनं न्हाई ऐकलं. पन सोडवंना." तसाच देवळामागे गेलो, जिथे माणसाची वाट संपते तिथवर. पाचोळ्यात काही दिसलं नाही. नडगीला दोरा लागला, अगदी त्याच उंचीवर, आणि मी गच्च डोळे मिटून उजेडाची वाट पाहत उभा राहिलो.