उपाशी उंदीर आणि कडक भाकरी

बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेतली थंड खोली इतकी थंड होती, की माझी सावली आत यायला नकार द्यायची. दाराशीच उभी राहून माझी वाट बघायची. हे मी चारचौघांत सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. त्या शहरात थापाड्या म्हणून मला ओळखणारे पुष्कळ होते. जेवायला बोलावणारं कुणी नव्हतं.

तेव्हा नुकतंच कळलं होतं, की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या चिमुकल्या चुलींत, त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. आमचे सर मूळचे पुण्याचे. त्यांच्या मनाने घेतलं, की उंदीर, कबूतर, बेडूक यांचा हा डीएनए शेजारी शेजारी ठेवून बघायचा. कोण कुणाचा किती जवळचा भाऊबंद, ते कळेल. सुरुवात उंदराच्या यकृतापासून. अट एकच, उंदीर आदल्या रात्रभर उपाशी हवेत. खाल्लेल्या उंदराच्या यकृतात साखर साठते आणि सगळा चिखल होतो. नळ्या गरगरा फिरवून गाळ वेगळा करणारं मोठं सेंट्रिफ्यूज आम्हाला महिन्यातून एका सोमवारी मिळे. म्हणून उंदरांचा उपवास रविवारी.

आणि रविवारी संध्याकाळी माझी खाणावळ बंद.

मग मी आईने बेळगावाकडून पाठवलेला कडक भाकरीचा डबा घेऊन उंदरांच्या खोलीत जाऊन बसायचो. त्यांना सांगायचो, "आमची भाकरी एवढी कडक, की बैलगाडीचं चाक मोडलं तर भाकरी बसवून बाजार गाठतो आम्ही." उंदीर मिशा हलवत ऐकायचे. इतकं मन लावून बंगळुरात माझं कुणी ऐकलं नाही.

एका रविवारी मात्र मला घास जाईना. मी एकटा कडाकडा चावतोय आणि आठ जण जाळीला नाक लावून बघताहेत! आमच्याकडे पंगतीत असं चालत नाही. टाकले तुकडे आत. खूप दिवसांनी कुणाबरोबर तरी जेवलो.

सोमवारी नळीत नुसता दुधाळ गाळ. महिना वाया. सर थेट उंदीर सांभाळणाऱ्या माणसावर घसरले. तो बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातला, रोजंदारीवरचा.

"मी स्वल्पसुद्धा घातलो नाही हो सर, देवाशपथ!"

"उद्यापासून येऊ नकोस."

मी पुढे झालो. "सर, मी खायला घातलं."

"का?"

"एकट्याला जेवण जाईना."

सगळे खो खो हसले. सर म्हणाले, "तुझ्या थापा बाहेर मार. ह्याला वाचवायला नवी रचू नकोस."

जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे खरा माल होता आणि गिऱ्हाईक मिळेना. धावत उंदरांच्या खोलीत गेलो, पिंजऱ्यांतला भुसा उपसला. पाण्याच्या बाटलीमागे भाकरीचा एक काठ सापडला. तो सरांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यांच्या घरी नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले मऊ गोळे, सर. ज्वारीची कडक भाकरी अख्ख्या इमारतीत माझ्याच डब्यात मिळेल."

सरांनी तुकडा उलटसुलट केला. एका बाजूला उंदराचे दात, दुसऱ्या बाजूला माझे. माझ्या बाजूने साक्ष द्यायला शहरात तेवढाच एक जीव निघाला होता, आणि तो सकाळीच मेला होता.

"म्हणजे खरंच एकट्याला जात नाही?" सरांनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्याचं काम टिकलं. माझ्याकडची उंदरांच्या खोलीची किल्ली गेली.

संध्याकाळी तो फाटकाशी थांबला होता. "अण्णा, रविवारी खाणावळ बंद असते, आधी नाही का सांगायचं? आमच्याकडे जेवायला या की."

सबंध दिवस उघडा पडलो होतो. आणखी किती पडणार?

"छे हो! रविवारची मला तीन-तीन घरची बोलावणी. कुठे जाऊ आणि कुठे नको, असं होतं!"

"सरी, बरं मग," तो म्हणाला. सायकलवर टांग टाकून निघून गेला. इतकी वर्षं थापा मारल्या, पण एवढ्या चटकन कुणी विश्वास ठेवला नव्हता.