पुस्तक पुढे गेलं

“हात दाखव,” साहेब म्हणाले.

मी दाखवले. दोन्ही तळवे निळे, नखांच्या कडा लाल. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये मी कापड रंगवायचो. तो रंग साबणाने जात नाही. साहेबांनी पुस्तक माझ्या शेजारच्याला दिलं. म्हणाले, “तू नुसतं ऐक. नुकताच प्लेग होऊन गेलाय. स्वच्छता पाळायला हवी.”

साहेब म्हणजे ह्या परक्या मुलखात बँकेतून निवृत्त झालेले आपलेच मराठी गृहस्थ. नदीपल्याड त्यांच्या फ्लॅटवर दर रविवारी बौद्ध ग्रंथांची ओळख करून देणारा वर्ग भरायचा. प्रवेश सर्वांना. पुस्तक एकच. गोल बसायचं, प्रत्येकाने एक पान वाचायचं आणि पुढे द्यायचं. मास्तर, कारकून, एक डॉक्टरीणबाई, असे दहा-बारा जण. मिलमधला मी एकटा. धुळ्याकडचा, सातवी शिकलेला. मला वाचायची हौस, दुसरं काय!

त्या दिवशीच्या पानावर होतं की बुद्धत्व प्रत्येकाच्या आत आहे, कोणीही जागा होऊ शकतो. ऐकून अंगावर काटा आला. मला ते माझ्या तोंडाने वाचायचं होतं. बस्स, एवढंच.

तीन रविवार पुस्तक माझ्या नाकासमोरून पुढे गेलं.

मग मी गाढवपणा केला. बिघडलेल्या कापडाचा रंग उडवायला आम्ही हायड्रो नावाची पावडर वापरतो. ती पाण्यात कालवली आणि हात बुडवून बसलो. रंग गेला. कातडीही गेली. आई खोबरेल लावता लावता म्हणाली, “हाई काय करी लिनं रे भाऊ? एक पुस्तकसाठे?”

चौथ्या रविवारी हात पुढे केले. साहेबांनी चष्मा सावरला. “अरेरे! आता तर जखमा आहेत. पानाला डाग पडेल.”

माझं टाळकं सरकलं. साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा. ह्याच्यासाठी हात भाजून घेतले मी?

“माझी पाळी आहे,” म्हणालो आणि शेजारच्याकडून पुस्तक ओढून घेतलं.

“ग्रंथाचा अपमान होतोय!” साहेब ओरडले.

“माझा चार रविवार होतोय.”

वाचलं. अडखळत. एकेका जोडाक्षराला घाम फुटला. कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरीणबाई सतरंजीकडे बघत राहिल्या. पान संपवलं, पुस्तक खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघालो.

जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. रिक्षात बसून नुसता धुमसत होतो. त्या माणसाला सगळं पाठ होतं. कोणीही जागा होऊ शकतो, हे त्यानेच आम्हाला समजावून सांगितलं होतं, डोळे मिटून, गोड आवाजात.

भेस्तानला घराजवळ उतरेपर्यंत ठरलं. तेच पुस्तक धुळ्याहून मागवायचं. दर रविवारी आमच्या खोलीत वाचायचं. मिलमधले येतील, चाळीतल्या बाया येतील. कळलं नाही तर अहिराणीत भांडून समजून घेऊ. साहेबांना निरोप धाडणार नाही. आलेच, तर सगळ्यांच्यात बसतील आणि पाळी आल्यावर वाचतील. त्याआधी नाही.