फिनेलमावशी

मासळी विकून झाली की खोक्यात उरलेला बर्फ ती गटाराकाठी ओतायची आणि वरून बाटलीतलं फिनेल शिंपडायची. म्हणून ती फिनेलमावशी; खरं नाव आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा वैशाखात नंदुरबारला बर्फ दिसायचा तो सुरतेकडच्या गाडीनं मासळीबरोबर येईल तेवढाच. तो असा नासवलेला पाहून लोकांचा जीव जळायचा. "मेली तरी एक खडा द्यायची नाही ही बया," असं तिच्या तोंडावर म्हणायचे.

तिला त्याचं काहीच नसे. "बरफमा रोग मरत नही रे भाऊ, नुसता झोपस. पोटमा गया का जागस," म्हणून ती पुन्हा सुरी हातात घ्यायची. एकदाच पुढे बोलली, "हाऊ बरफ चोखीसन मन्हा पोऱ्या गया." मी शाळेत मास्तर, चार बुकं शिकलेला. एवढ्या गारठ्यात कसला रोग टिकतोय, म्हणून मनात हसलो. काय ती माझी अक्कल!

त्याच वर्षी बहिणीचं लग्न होतं. वऱ्हाडाला थंडगार सरबत पाजायचं माझ्या डोक्यात बसलं. मावशीनं साफ नाही म्हटलं. ती गिऱ्हाइकाकडे वळल्यावर मी घमेलंभर बर्फ उचलला, तीन पाण्यांनी धुतला आणि सरबताच्या पिंपात टाकला. मांडवात माझी केवढी वाहवा झाली! दुसऱ्या दिवशी निम्मं वऱ्हाड हगवणीनं आडवं झालं. तिसऱ्या दिवशी नवरदेवाची धाकटी बहीण गेली.

"बर्फ कुठून आणला?" व्याह्यांनी विचारलं. माझी पाचावर धारण बसली. "मावशीनंच दिला. फिनेल पडलं असेल त्यात," मी म्हणालो.

मग काय विचारता! लोकांनी तिची खोकी फोडली, तिला ढकलत स्टेशनवर नेलं. मी गर्दीत मागे उभा होतो, तरी गाडीत चढताना तिनं मला बरोबर हेरलं. जवळ बोलावून हळूच म्हणाली, "मन्हं नाव ले, हरकत नही. पन लोकेस्ले बरफनं खरं सांगजो."

मी सांगितलं नाही. बहिणीला सासरी छळतील, माझी नोकरी जाईल... भित्र्या माणसाला कारणांची वाण नसते.

पुढच्या वैशाखात मासळीवाला नवा आला. हा फिनेल टाकत नाही, म्हणून लोक त्याच्याकडून बिनघोर बर्फ नेऊ लागले. शेजारच्या लग्नात माझ्याही हाती गार सरबताचा पेला आला. घसा बसलाय, असं सांगून मी तो खाली ठेवला. बाकी सगळे प्याले.