लेकीचे हात आणि माझी फुशारकी

मंडळी, घरी जायची लाज वाटते, म्हणून ड्युटी संपली तरी रोह्याला कंपनीतच थांबून इथल्या कॉम्प्युटरवरून लिहितोय.

नोकरी इथं, पण पेणला आमचा घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. माझी अडीच वर्षांची लेक सारखी हातावर हात चोळते. "माती मळते बघा, मूर्तिकाराची पोर हाय!" असं मी गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचो. बायको म्हणायची, "अवो, ती आता आई म्हणत नाय, बिस्किटपण धरत नाय." मी हसण्यावारी न्यायचो.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, हा रेट सिंड्रोम, मुलींना होणारा दुर्मीळ जन्मजात आजार. आलेलं बोलणं जातं, हात असे चोळत राहतात. मग विचारलं, "कधीपासून करते हे?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. उत्तर मलाच ठाऊक होतं. गेल्या गणपतीपासून येईल त्याला मीच तर दाखवत होतो.

तुम्ही कुठल्या तोंडानं घरी गेला असता?