दुर्गापुऱ्यातलं ग्रीनलंड

ग्रीनलंडच्या बर्फाची जेवढी काळजी माझ्या थोरल्या साडूंनी वाहिली, तेवढी खुद्द तिथल्या माणसांनीही वाहिली नसेल. बरं, ग्रीनलंड त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. जयपुरात, दुर्गापुऱ्याच्या घरात, उघड्या अंगावर ओला पंचा टाकून ते संगणकावर तिथे बर्फ पाडत. वारा, थंडी, ढग असं सगळं भरलं की त्यांचं मॉडेल सांगायचं, किती बर्फ पडला आणि किती वितळून वाहून गेला. नोकरीला होते त्या संस्थेत दिवसभर हेच करून समाधान होत नसे, म्हणून एक छोटं मॉडेल घरीही चाले. एकदा भर मे महिन्यात ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. आठवडाभराचं गणित गेलं. साडू फरशीवर बसले आणि म्हणाले, "हिवाळा लागतच होता गं." त्यांचा चेहरा बघून मी हादरलो. शेजारच्या भाभीजी तर कोणी गेलं की काय म्हणून धावत आल्या.

उपग्रह वरून बघतातच, मग मॉडेल कशाला, असं मी एकदा भाबडेपणाने विचारलं. त्यांनी मला स्कूटरवर घातलं आणि जुन्या तटबंदी शहरातल्या, म्हणजे चारदीवारीतल्या रजईच्या दुकानात नेलं. एक नवी फुगीर रजई आणि दुकानदाराची स्वतःची चपटी झालेली जुनी, अशा दोन्ही तोलायला लावल्या. जाड दिसणारी हलकी निघाली. "उपग्रहाला नुसती उंची दिसली, तर वजन कसं कळणार? बर्फ ताजा, भुसभुशीत आहे की दबलेला, हे मॉडेल सांगतं," ते म्हणाले, आणि दबणं म्हणजे काय ते दाखवायला बुटांसकट नव्या रजईवर उभे राहिले. "भाईसाब, ये ओढ़ने की है," दुकानदार कसाबसा म्हणाला. लाजेने मी अर्धा झालो. ती रजई अजून माझ्याकडे आहे, कारण ती घेतल्याशिवाय दुकानातून सुटका नव्हती.

निवृत्ती जवळ आली तेव्हा ताईंनी कोकणात समुद्राकाठी एक घर पसंत केलं. उभा संसार त्यांनी आंधीची वाळू झाडण्यात काढला होता, आता त्यांना समुद्र दारात हवा होता. त्यांनी आम्हाला बोलावून पेढे वाटले. साडूंनी पेढा खाल्ला आणि शांतपणे म्हणाले, "दारात काय, एक दिवस तो घरात येईल. ध्रुवांवरचा बर्फ घटतोय. मी सही करणार नाही." त्या फ्यूजनंतर बर्फापायी त्यांनी घरातला मिक्सर बंद ठेवायला लावला होता, पण बायकोचं घरही अडवतील असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मला भयंकर राग आला. ताई रडल्या नाहीत. पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "आपण दोघं आणखी किती वर्षं आहोत, तेही घाला तुमच्या मॉडेलात."

दुसऱ्या दिवशी साडूंनी सही केली.

त्या घरात ते जेमतेम दोन पावसाळे राहिले. उधाणाची भरती आली की गुडघे धरून ओटीवर बसत आणि पाणी कुठवर आलं ते बघायला ताईंना कुंपणापर्यंत पिटाळत. एका सकाळी ताई असंच बघून परत आल्या, तर ऐकायला ते नव्हते.

अजूनही उधाण आलं की ताईंचा मला फोन येतो. "पाणी आज कडेच्या माडाला लागून गेलं," त्या सांगतात. "यांना सांगायचं होतं. आता तुम्हीच ऐका."