टेहळणी विमानाची सहा घरं

आमच्या मित्राला काटा हे नाव बाजाराने दिलं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्याची सगळी नोकरी गेली. पितळी वजनांची पिशवी घेऊन तो दुकानात शिरला की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. कुणी चहा विचारला तर म्हणायचा, "आधी तराजू." सख्ख्या साडूचा तराजूही त्याने जप्त केला होता, आणि त्या घराचं दार त्याला कायमचं बंद झालं. बायको जन्मभर बोलून दाखवत राहिली. तिच्या माघारी आता मुलगा आणि सून होते. असा माणूस मित्र म्हणून परवडत नाही, पण मला दुसरा मिळाला नाही.

मी बुकबाइंडर. माझ्या बांधणीच्या खोलीत, खळीच्या वासात, दर रविवारी आमचा युद्धखेळ चालायचा. टेबलभर नकाशा, त्यावर चौकोनी घरं, पुठ्ठ्याची सैन्यं आणि पुठ्ठ्याचीच विमानं. सगळं मीच कापलेलं. युद्ध शंभर वर्षांपूर्वीचं, विमानं नुकतीच लढायला शिकलेली, लाकडाची नि कापडाची. एका बाजूला मी, समोर दातांचा डॉक्टर, आणि मधे काटा, पंच. कुठलं विमान किती घरं जाईल, किती उंच चढेल, कुणाचं इंजिन दगा देईल, हे त्याला तोंडपाठ होतं.

दुकानात तसले खेळ तयार मिळायचे, पण त्यांतले आकडे पाहून त्याचं डोकं फिरायचं. "कारखान्याने सांगितलेला वेग म्हणजे जावयाने सांगितलेला पगार," तो म्हणायचा. "कापूनच धरायचा." त्याचं म्हणणं असं, की वेग मोजला रिकाम्या विमानाचा, उंची दुसऱ्या दिवशी, पल्ला तिसऱ्या, आणि खेळवाल्यांनी तिन्ही आकडे एकदमच चिकटवून टाकले. "आत दोन माणसं बसतात, बंदूक असते, कॅमेरा असतो. ते वजन काय तुझा बाप उचलणार?"

भांडणं अशी व्हायची की शेजारी खिडक्या लावून घेत. टेहळणी विमानाला आठ घरं द्यायची की सहा, यावरून मी आणि काटा महिनाभर बोलत नव्हतो. डॉक्टर तर एकदा फासे घेऊनच घरी निघून गेला. शेवटी सहा ठरली. काट्याचंच बरोबर होतं, हे मी कबूल केलं नाही, पण नियमांच्या वहीत सहा लिहून दिलं.

मग एका रविवारी डॉक्टरने विचारलं, "पंच, टेहळणी किती?"

"सोळा," काटा म्हणाला.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. विमान त्याचं होतं, फायदा त्याचा होता, तरी त्याचा हात पुढे होईना. काटा वैतागला. "चल की! मुहूर्त बघतोयस का?" डॉक्टरने विमान उचललं आणि माझे खंदक, माझी नदी, माझ्या तोफा ओलांडून थेट माझ्या राजधानीवर नेऊन ठेवलं. मी चकार शब्द काढला नाही.

कारण आदल्याच आठवड्यात काट्याची सून माझ्याकडे येऊन गेली होती. काट्याच्या हातून गॅस उघडा राहिला होता, घरी येताना तो रस्ता चुकला होता, मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. "काका, इथून आले की दोन दिवस बरे असतात," ती म्हणाली. "बाबा काही चुकले तर चुकू द्या. त्यांच्याकडे आता एवढंच राहिलंय." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पुढचे रविवार आम्ही वाटेल ते आकडे खेळलो. विमानं दिवसभर उडायची, इंजिनं बंद पडायची नाहीत. कुणी आवाज चढवेना. खेळ गुळगुळीत झाला आणि मला रविवार नकोसा वाटायला लागला.

एके दिवशी काटा आला तो अगदी पूर्वीसारखा, ताठ. टेबलाशी बसला, नकाशाभर नजर फिरवली आणि माझ्या राजधानीवर अजून तसंच असलेलं टेहळणी विमान उचललं.

"हे इथं कसं आलं?"

"उडत," डॉक्टर म्हणाला. हसलं कुणीच नाही.

"याच्या टाकीत इतकं तेल मावतं का? परत कसं येणार?" त्याने पुठ्ठा माझ्या नाकासमोर धरला. "आत दोन माणसं आहेत. मारलंत तुम्ही त्यांना. आकडा कुणी सांगितला?"

खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "तू."

"आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"तू? काही नाही?" तो आधी हसला. मग पुठ्ठा खाली ठेवला. "सूनबाई येऊन गेली वाटतं. अरे, तुम्ही उरावर बसून भांडत होता तोवर मी पंच होतो. आता काय, पेशंट?"

मला रडू आवरेना. डॉक्टर उठून खिडकीशी गेला.

"पुढच्या वेळेपासून आकडे तू सांगायचे," काटा मला म्हणाला. "मी खेळणार. आणि चुकलो तर सोडायचं नाही. साडूला नाही सोडलं मी."

त्यानंतर तसे लख्ख दिवस फार आले नाहीत. तो माझ्या जागी बसून खेळू लागला, मी पंच झालो. परवाच्या रविवारी सून त्याला हाताला धरून घेऊन आली आणि दाराशी थांबली. त्याने टेहळणी विमानावर बोट ठेवलं.

"किती?"

"सहा," मी म्हणालो.

"सोळा!"

"सहा."

"गाढवा, मला शिकवतोस?" त्याने टेबलावर मूठ आपटली, सैन्यं उलटली. सून डोळ्यांनी मला विनवत होती. डॉक्टर खाली बघत होता. माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असणार.

"सहाच! आत दोन माणसं आहेत, त्यांना परत यायचंय!"

काट्याने मूठ उघडली. मग विमान घेऊन, एकेक घर बोटाने दाबत, मोठ्याने मोजत निघाला. एक. दोन. तीन. चार. तिथे बोट थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुढचा आकडा विचारत.

"पाच," मी म्हणालो.