गोठ्याची नाचणी

पुतळाबाईविषयी थॉमसला फारच थोडं ठाऊक होतं. तिचं घर खाडीकडे आहे एवढं माहीत होतं, पण कोणतं ते त्याने कधी विचारलं नाही. चौदा वर्षं ती त्याच्या वाडीत केळी शिंपायला येत होती. तिला दोन मुली होत्या, हे त्याला ती वारल्यावर कळलं. म्हणून सांगण्यासारखं आहे ते चौऱ्याऐंशी सालच्या नाताळाचं. बाकी त्याच्यापाशी काही नाही.

त्या वर्षी थॉमसने मुंबईहून स्टीलचा फिल्टर आणला होता. वसईत त्यांच्या आळीत नळ नुकताच आला होता, पण त्या पाण्याला औषधाचा वास यायचा. फिल्टरवर ग्रेसीने, त्याच्या बायकोने, विणलेला रुमाल घातला. घरची माणसं त्यातलं पाणी पीत. पुतळाबाई अंगणातल्या नळाला ओंजळ लावी. असं कोणी ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं, आणि कोणाला काही वाटलं नाही.

नाताळला येशूजन्माचा गोठा मांडतात, त्यात गवत म्हणून नाचणी रुजवतात. बारा दिवस आधी परातीत पेरायची, म्हणजे सणाला हिरवीगार होते. थॉमसच्या घरी दरवर्षी ती पुतळाबाईच पेरी. त्या वर्षी आळीआळींच्या गोठ्यांची स्पर्धा होती आणि आळीचा गोठा थॉमसकडे होता.

"यंदा फिल्टरचं पाणी घालायचं," तो म्हणाला. "येशूबाळापुढं ठेवायची आहे."

"नाचनीला फिल्टर?" ती हसली. "भाऊ, उद्या गोठ्यातल्या बैलाला कपबशीतून पाजशील! नळाचं पानी रातभर माठात ठेव, वास उडून जातो. मंग घाल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

थॉमसने स्वतःच नाचणी पेरली, परात फिल्टरच्या तोटीखाली ठेवली आणि तोटी जराशी सैल केली. थेंब थेंब पाणी पडत राहिलं. तिसऱ्या दिवशी पुतळाबाईने दारातूनच परात पाहिली.

"भाऊ, पानी जास्त झालं. दाना कुजंल."

"शुद्ध पाण्याने कुजत नाही."

आठवड्यात कोंब पिवळे पडून आडवे झाले. परातीला घाण येऊ लागली. आळीतली मंडळी गोठ्याचे बांबू घेऊन आली, तेव्हा थॉमसला काही सुचेना. तो सर्वांदेखत पुतळाबाईवर ओरडला, "मी नसताना नळाचं पाणी घातलंस ना? तुझाच हात!"

तिने परातीला हातही लावला नव्हता. थॉमसला ते माहीत होतं. ती कळशी उचलून केळींत गेली.

चोवीस तारखेला सकाळी ती डोक्यावर परात घेऊन आली. वर ओलं फडकं होतं. फडक्याखाली वीतभर नाचणी, दाट आणि सरळ.

"दरसालची सवय, म्हून घरीपन पेरली होती," ती म्हणाली. "नळाचीच हाय. चालंल ना देवाला?"

थॉमसने परात घेतली. बस म्हणालाही नाही.

नाताळच्या सकाळी फादर गोठे बघत आले. नाचणीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "थॉमस, हिला घातलंस तरी काय?"

पुतळाबाई दोन पावलांवर झाडू घेऊन उभी होती.

"फिल्टरचं पाणी, फादर," थॉमस म्हणाला.

आळीला पहिला नंबर मिळाला. रविवारी फादरांनी देवळात त्याचं नाव घेतलं. मग कितीतरी घरी तुळशीपासून गुलाबापर्यंत सगळ्यांना फिल्टरचं पाणी मिळू लागलं. लोक त्याला विचारायला यायचे, आणि तो सांगायचा. प्रत्येक वेळी थोडं अधिकच सांगायचा.

तिला एकदा तरी 'चुकलं' म्हणावं, निदान फादरांना तरी खरं सांगावं, असं त्याला वाटे. ते शब्द त्याने किती वेळा जुळवले असतील! जानेवारीत ती कामण गावी मुलाकडे राहायला गेली आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिकडेच वारली. निरोप मिळाला तेव्हा माती होऊन चार दिवस झाले होते.

कामणला जायच्या आदल्या दिवशी ती मागल्या दारी आली होती. थॉमस एकटाच होता. ग्रेसी बाजारात गेली होती. आता बोलू, असं ठरवून तो उठलासुद्धा.

"भाऊ, माझी परात?"

"देतो. घासून ठेवली आहे."

"उद्याच्याला केळी कोन शिंपनार?"

"बघू कोणीतरी."

"दुपारच्याला नको शिंपू."

"बरं," थॉमस म्हणाला.